फुंकणी, लेसर आणि महाडची ओली हवा

चुलीपुढे बसून फुंकणीने विस्तव फुलवणारी माणसं महाड-पोलादपूरच्या डोंगरवाड्यांत अजून आहेत. हातभर लांबीची पोकळ नळी, एक टोक तोंडाशी आणि दुसरं निखाऱ्याशी. आषाढात लाकडं ओली असतात, धूर डोळ्यांत जातो आणि फुंकणीशिवाय चूल पेटत नाही. फुंकर मारली की दोन गोष्टी एकदम होतात. निखाऱ्यावर साचलेली राख उडून बाजूला होते आणि खालचा निखारा लालबुंद होतो. पहिलं काम वाऱ्याच्या धक्क्याचं आहे, दुसरं त्या हवेतल्या प्राणवायूचं. आपण मात्र दोन्हींना मिळून फुंकर म्हणतो.

ही दोन कामं मनात वेगळी केली, की कारखान्यात लेसरने पत्रा कसा कापला जातो आणि त्यासाठी साधी हवा चालते का, या प्रश्नाचा अर्धा उलगडा होतो. उरलेला अर्धा महाडच्या पावसाळ्यात दडलेला आहे.

लेसरने पत्रा कापतात असं आपण म्हणतो. लेसरचा किरण प्रत्यक्षात पत्रा वितळवतो. केसाच्या जाडीपेक्षा थोड्याच मोठ्या ठिपक्यावर काही किलोवॉट शक्ती एकवटते. लोखंड १,५३८ अंश सेल्सिअसला वितळतं आणि ते तिथे क्षणात वितळतं. पण तो रस गेला पाहिजे ना कुठेतरी! तो तिथेच राहिला तर किरण पुढे सरकताच मागे पुन्हा थिजतो आणि पत्रा होता तसा जोडलेला राहतो. म्हणून किरण ज्या तांब्याच्या टोकातून बाहेर पडतो, त्याच टोकातून, त्याच रेषेत, वायूचा जोरदार झोत सोडतात. या टोकाला नोझल म्हणतात. त्याचं भोक साधारण १ ते ४ मिलिमीटर व्यासाचं असतं आणि ते पत्र्यापासून जेमतेम मिलिमीटरभर वर राहून पळत असतं. झोत वितळलेला रस खालच्या बाजूने ढकलून देतो, ठिणग्यांचा पिसारा खाली पडतो आणि मागे चीर उरते. या झोतासाठी कोणता वायू वापरायचा, यावर कापाची कड, कापाचा वेग आणि महिन्याचं बिल, तिन्ही ठरतात.

या यंत्राच्या इतिहासात महाराष्ट्राचा एक धागा आहे आणि तो फार कमी लोकांना ठाऊक असतो, म्हणून जरा थांबून सांगतो. पहिला लेसर १६ मे १९६० रोजी अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या स्फटिकापासून चमकावला. पण कारखान्यात पत्रे कापण्याइतका ताकदवान आणि सतत चालणारा लेसर मिळाला तो कार्बन डायऑक्साइड वायूपासून. तो शोधणारे कुमार पटेल हे १९३८ साली बारामतीत जन्मले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ साली पदवी घेऊन ते अमेरिकेत स्टॅनफर्डला गेले आणि पुढे बेल लॅबोरेटरीजमध्ये १९६३-६४ च्या सुमारास त्यांनी हा लेसर तयार केला. त्यानंतर तीनेक वर्षांनी, मे १९६७ मध्ये, इंग्लंडमधल्या केंब्रिजजवळच्या वेल्डिंग संशोधन संस्थेत पीटर होल्डक्रॉफ्ट यांनी अशा लेसरच्या किरणाबरोबर प्राणवायूचा झोत सोडला आणि १ मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा कापून दाखवला. किरणाला फुंकणीची जोड मिळाली ती तिथे. आज शेडमध्ये दिसणारी बहुतेक नवी यंत्रं फायबर लेसरची असतात. त्यांचा प्रकाश काचेच्या तंतूतून नोझल बसवलेल्या डोक्यापर्यंत येतो आणि धातूत जास्त चांगला मुरतो. फुंकणीचं तत्त्व तेच राहिलं आहे.

आता वायूंकडे येऊ.

पहिला प्राणवायू, म्हणजे ऑक्सिजन. साधं पोलाद, ज्याला बाजारात एमएस म्हणतात, ते कापताना ऑक्सिजन फुंकणीचं दुसरं काम करतो. तापलेलं लोखंड त्याच्यात अक्षरशः जळतं आणि त्या जळण्याची उष्णता लेसरच्या मदतीला येते. कापायला लागणाऱ्या एकूण उष्णतेतला मोठा वाटा हे जळणंच पुरवतं. त्यामुळे कमी शक्तीच्या लेसरनेही जाड प्लेट कापता येते आणि दाब फारसा लागत नाही. जाड प्लेटला तर एक बारच्या आतबाहेर पुरतो. पण जळलेल्या लोखंडाची काळी पापडी कडेवर उरते. ती रंगाखाली राहिली तर काही महिन्यांनी रंगासकट सुटते. कोकणातल्या पावसात त्या जागी गंज किती लवकर पसरतो, हे इथल्या प्रत्येक गेटवाल्याला आणि ग्रिलवाल्याला माहीत आहे.

दुसरा नायट्रोजन. हा लोखंडाशी जळत नाही, फक्त ढकलतो. म्हणजे फुंकणीचं फक्त पहिलं काम. ढकलणं जोरात करावं लागतं, म्हणून दाब १० ते २० बारपर्यंत जातो. गाडीच्या टायरमध्ये सुमारे २ बार हवा असते, यावरून कल्पना करावी. कड मात्र चांदीसारखी लखलखीत येते. स्टेनलेस स्टीलला हाच वायू लागतो.

नायट्रोजनची अडचण त्याच्या खपाची आहे आणि ती आकड्यांनीच समजते. २ मिलिमीटर भोकाच्या नोझलमधून १० बार दाबाने वायू सोडला, तर तासाला सुमारे २५ घनमीटर वायू निघून जातो. वेल्डिंगच्या दुकानात उभे असतात तसल्या मोठ्या सिलिंडरमध्ये सुमारे ७ घनमीटर वायू असतो. म्हणजे सलग कापत राहिलं तर एक सिलिंडर पाव तासात रिकामा. नोझल ३ मिलिमीटरची आणि दाब १४ बार असेल तर खप तासाला ७० घनमीटरच्या पुढे जातो आणि तोच सिलिंडर सहा मिनिटांत संपतो. म्हणून मोठे कारखाने द्रवरूप नायट्रोजन आणतात, उणे १९६ अंशांवर थंड ठेवलेला. तो टाकीत पडून राहिला तरी थोडा थोडा उकळून उडत असतो. काम असो नसो, पैसे हवेत जातात.

आणि तो आणायचा कुठून? महाडला पुण्याहून थेट येणारा वरंध घाट पावसाळ्यात अनेकदा बंद असतो. पोलादपूरवरून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी घाट दरडींनी अडतो. मुंबई-गोवा महामार्गाची कथा वेगळी सांगायला नको. २०२१ साल तर या पट्ट्याच्या कायम लक्षात राहील. त्या एप्रिलमध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत दवाखान्यांना प्राणवायू पुरावा म्हणून केंद्र सरकारने २२ एप्रिलपासून मोजके अत्यावश्यक उद्योग वगळता कारखान्यांचा ऑक्सिजन थांबवला. देशभरच्या फॅब्रिकेशनच्या शेडमधले गॅस कटर थंड पडले. ते योग्यच होतं, आधी श्वास आणि मग पत्रा. बरोबर तीन महिन्यांनी, २२ जुलैला, सावित्री आणि गांधारी महाड शहरात शिरल्या, तळीये गावावर दरड कोसळली आणि ८० हून अधिक माणसं गेली. रस्ते तुटले, पुरवठा तुटला. अशा दिवसांत माणूस जगण्याच्या वस्तूंचा विचार करतो, लेसरच्या वायूचा नव्हे. पण पाणी ओसरल्यावर घरांना पत्रे, दुकानांना शटर, शेडना ट्रस लागतात. ते बनवणारा वर्कशॉप बाहेरच्या टँकरवर किती अवलंबून आहे, हा प्रश्न तेव्हा खरा होतो.

इथे साधी हवा पुढे येते. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन आणि जवळजवळ १ टक्का आर्गॉन असतो. दाबून नोझलमधून सोडली की ती फुंकणीसारखी दोन्ही कामं करते. नायट्रोजनचा मोठा वाटा ढकलतो, ऑक्सिजनचा लहान वाटा थोडंसं जाळतो आणि थोडी उष्णता देतो. वेग नायट्रोजनच्या बरोबरीने, कधी किंचित जास्तच मिळतो. पातळ पत्र्यावर तर ऑक्सिजनच्या कापापेक्षा पुष्कळ जास्त वेग मिळतो, कारण ऑक्सिजनमध्ये जळण्याची गती आवरत हळू जावं लागतं. कड चांदीसारखी येत नाही. ती करडी किंवा पिवळसर झाक असलेली येते आणि खालच्या काठाला थोडी कूस राहते, जिला शेडमध्ये सगळे बर म्हणतात. ग्राइंडर किंवा डिबरिंगचा हलका हात फिरवला की ती जाते.

मग आधी हवा का वापरत नसत? कारण आधी लेसर दुबळे होते. १-२ किलोवॉटच्या किरणाला जाड पत्र्यात ऑक्सिजनच्या जळण्याची मदत लागायचीच. गेल्या दहा-पंधरा वर्षांत फायबर लेसर स्वस्त झाले आणि शक्ती ६, १२, २० किलोवॉटवर गेली. किरण स्वतःच पुरेसं वितळवू लागला, तेव्हा वायूकडे फक्त रस ढकलण्याचं काम उरलं. ते हवेला जमतं. वर्कशॉपमधला ढोबळ हिशेब असा, की किलोवॉटमागे एक मिलिमीटरच्या आसपास साधं पोलाद हवेने नीट कापता येतं. ३ किलोवॉटच्या यंत्रावर ३ मिलिमीटरचा पत्रा सुखाने निघतो. त्याच यंत्रावर १० मिलिमीटरची प्लेट हवेने कापायला गेलात तर खाली गुठळ्या लोंबतील. तिथे ऑक्सिजनच.

समजा, महाडच्या औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या बिरवाडीच्या बाजूला अशी एक शेड आहे. ३ किंवा ६ किलोवॉटचा लेसर, शेजारी १६ बारचा स्क्रू कंप्रेसर, २२ किलोवॉटची मोटर. असा कंप्रेसर मिनिटाला सुमारे २ घनमीटर हवा ओढतो, म्हणजे तासाला १२०. विजेचा दर युनिटला ९ रुपये धरला, तर पूर्ण भारावर तासाला २०० रुपयांच्या आसपास खर्च. तेवढ्या वेळात नायट्रोजनचे किती सिलिंडर संपले असते, ते वरच्या हिशेबाने कोणीही काढू शकेल आणि आपल्या गावचा भाव लावू शकेल. फरक इतका मोठा निघतो की कंप्रेसर विकणारे तेवढ्यावर बोलणं संपवतात. हवा फुकट आहे, असं म्हणतात.

महाडमध्ये हे वाक्य मला अपुरं वाटतं. हवा फुकट आहे, कोरडी हवा फुकट नाही.

महाड सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. महाबळेश्वरला उगवणारी सावित्री पोलादपूरवरून उतरून इथे येते आणि वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलैत हवेचं तापमान २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल, तर प्रत्येक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. दिसत नाही, पण असतं. दोरीवरचे कपडे तीन दिवस वाळत नाहीत ते त्यामुळेच.

आता ही हवा दाबा. १६ बारचा मापक दाब म्हणजे सुमारे १७ घनमीटर हवा एका घनमीटरात कोंबणं. त्या १७ घनमीटरांत मिळून ४०८ ग्रॅम वाफ होती. पण एखाद्या जागेत किती वाफ मावते हे हवेच्या दाबावर ठरत नाही, तापमानावर ठरतं. ३५ अंशांना एका घनमीटरात जास्तीत जास्त ४० ग्रॅम वाफ राहू शकते. मग उरलेली ३६० ग्रॅमहून जास्त वाफ जाते कुठे? पाणी होते. कंप्रेसरमधून निघताना हवा गरम असते तोवर ते वाफच असतं. हवा थंड होऊ लागली की टाकीच्या तळाला, पाइपच्या वाकणात, फिल्टरच्या वाटीत ते साठू लागतं.

आपल्या शेडचा हिशेब करू. तासाला १२० घनमीटर, प्रत्येकात २४ ग्रॅम, म्हणजे तासाला जवळजवळ ३ लिटर पाणी. आठ तासांची पाळी कंप्रेसर पूर्ण भारावर चालला, तर सुमारे २३ लिटर. वीस लिटरचा पाण्याचा जार भरून वर तीन लिटर उरतील. हा कंप्रेसर पाण्याचा पंप नाही, तरी तो रोज एवढं पाणी हवेतून पिळून काढतो. जानेवारीतल्या एखाद्या दुपारी ३० अंश आणि ४० टक्के आर्द्रता असेल तर हा आकडा निम्म्यावर येतो. कोरड्या गावात बसवलेली आणि तिथे नीट चाललेली जोडणी महाडच्या जुलैत बिघडली, तर यंत्राला दोष देण्याआधी हा हिशेब आठवावा.

यातलं पाणी लेसरच्या डोक्यात पोचलं तर काय होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. किरण एकवटणाऱ्या महागड्या भिंगाखाली एक संरक्षक काच असते. कारागीर तिला नुसतं लेन्स म्हणतात. नोझलची हवा त्या काचेच्या खालच्या पृष्ठभागाला घासूनच बाहेर पडते. त्या काचेवर पाण्याचा किंवा तेलाचा अगदी बारीक तुषार बसला, तर अनेक किलोवॉटचा प्रकाश त्या डागात शोषला जातो. डाग जळतो, काच तापते, फुगते आणि किरणाचं केंद्र जागेवरून हलतं. आधी कड खराब येऊ लागते. ऑपरेटर वेग कमी करतो, दाब वाढवतो, नोझल बदलतो. शेवटी काच काढून पाहतो तेव्हा मधोमध पांढरा-काळा ठिपका दिसतो. काच बदलायचा खर्च सोसता येतो. पण डाग वेळेत दिसला नाही आणि काच तडकली, तर वरच्या भिंगाचं नुकसान होतं. तो खर्च सोसायला लहान शेडवाल्याला कर्ज काढावं लागेल.

म्हणून कंप्रेसर आणि लेसर यांच्यामध्ये एक मोठी साखळी उभी करतात. आधी टाकी, तिच्या तळाशी पाणी सोडणारा आपोआप उघडणारा व्हॉल्व्ह. मग ड्रायर, जो फ्रिजसारखं काम करतो आणि दाबातली हवा ३ अंशांपर्यंत थंड करतो. ३ अंशांना एका घनमीटरात फक्त ६ ग्रॅम वाफ मावते, म्हणजे वरच्या ४०८ ग्रॅमपैकी ६ उरले. पुढे नोझलमधून बाहेर पडताना ही हवा पुन्हा सतरापट पसरते आणि ते ६ ग्रॅम एवढ्या जागेत विखुरतात की झोत खऱ्या अर्थाने कोरडा असतो. महाडला एक गोष्ट अनुकूल आहे. इथे कडाक्याची थंडी पडत नाही, शेडमधला पाइप कधी ३ अंशांच्या खाली जात नाही, त्यामुळे ड्रायरच्या पुढे पाणी पुन्हा साठत नाही. थंड देशांत याहून कोरडी हवा करणारे, ओलावा शोषणाऱ्या दाण्यांचे ड्रायर लागतात. इथे फ्रिजवाला ड्रायर चालू शकतो, पण तो खरोखर चालू असला पाहिजे आणि त्याची क्षमता महाडच्या हवेसाठी मोजलेली असली पाहिजे. कंप्रेसरला गेलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होते. बंद खोलीत कंप्रेसर आणि ड्रायर शेजारी ठेवले, तर मे महिन्यात ती खोली ४५ अंशांवर जाते आणि ड्रायरची ताकद निम्मी होते. गरम हवा बाहेर काढणारा पत्र्याचा डक्ट हा या साखळीतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त विसरला जाणारा भाग आहे.

तेलाची गोष्ट पाण्यापेक्षा अवघड. स्क्रू कंप्रेसरच्या आत तेल फवारलेलं असतं, ते सील धरतं आणि थंडावा देतं. बरंचसं आतच वेगळं काढलं जातं, थोडं हवेबरोबर निघतं. हवेच्या शुद्धतेचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ८५७३-१. त्यात धूळ, पाणी आणि तेल यांना वेगवेगळे वर्ग दिलेले असतात. तेलाच्या पहिल्या वर्गात एका घनमीटरात ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त तेल चालत नाही. आपल्या शेडमधल्या आठ तासांच्या सगळ्या हवेत मिळून हे १० मिलिग्रॅमच्या आत येतं, म्हणजे तेलाच्या एका थेंबाचा चौथा हिस्सा. दिवसभरात पाव थेंब! तिथवर पोचायला एकामागे एक बारीक होत जाणारे फिल्टर आणि शेवटी तेलाची वाफ धरणारा कोळशाचा फिल्टर लागतो. कोळसा भरत जातो. भरला हे बाहेरून दिसत नाही, दाबही पडत नाही. म्हणून तो तारीख लिहून बदलावा लागतो. कारागिरांची एक साधी तपासणी आहे. नोझल काढून, लेसर बंद ठेवून, स्वच्छ पांढऱ्या टिश्यू पेपरवर काही मिनिटं हवा सोडायची आणि कागद उजेडाला धरायचा. पिवळट डाग किंवा दमटपणा दिसला तर त्या दिवशी कापायचं नाही. मला ही तपासणी फार आवडते. चार आण्याच्या कागदावर लाखांचं भिंग वाचतं.

महाडसाठी आणखी एक खास गोष्ट. इथली औद्योगिक वसाहत मुख्यतः रसायनांची. कंप्रेसर ज्या हवेत उभा असतो, तीच हवा तो पितो. शेजारून आम्लाची किंवा सॉल्व्हंटची वाफ येत असेल तर तीही दाबली जाते. पाण्याचे फिल्टर तिला अडवत नाहीत. ड्रायरच्या तांब्याच्या नळ्या अशा हवेत लवकर झिजतात. हवा ओढणारा पाइप वाऱ्याची दिशा पाहून, उंचावर आणि कारखान्याच्या चिमणीपासून दूर घ्यावा, एवढी काळजी जोडणीच्या दिवशीच घेता येते. नंतर घेणं महाग पडतं.

आणि थंड पाण्याचा चिलर. लेसरचा स्रोत आणि डोकं पाण्याने थंड ठेवतात. जुलैत २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेला दवबिंदू २६ अंशांच्या आसपास असतो. चिलरचं पाणी २२ अंशांवर ठेवलं, तर थंड लोट्याला बाहेरून पाणी सुटतं तसं लेसरच्या आतल्या भागांना सुटेल. म्हणून स्रोताचं कपाट बंद आणि वातानुकूलित ठेवतात, वीज गेली तरी ते लगेच उघडत नाहीत. डोक्याकडचं पाणी दवबिंदूच्या वर, ३० अंशांच्या जवळ ठेवतात. नोझलची हवा कितीही कोरडी केली आणि हे विसरलं, तर ओल दुसऱ्या दाराने आत येते.

हवेने काय कापावं, यावरही महाडचं उत्तर पुण्याच्या उत्तरापेक्षा वेगळं असायला हवं. इथल्या कारखान्यांना दोन तऱ्हेचं लोखंडकाम लागतं. एक म्हणजे जिने, प्लॅटफॉर्म, रेलिंगचे ब्रॅकेट, पाइपचे सपोर्ट, बेस प्लेट. हे साध्या पोलादाचं काम. इथे हवा उत्तम. कडेवरचा ऑक्साइडचा थर ऑक्सिजनच्या पापडीपेक्षा पातळ असतो. हलकं घासून, प्रायमर मारून रंगवलं की रंग धरतो. मात्र न घासता रंगवू नये, विशेषतः इथल्या पावसात.

दुसरं काम स्टेनलेसचं, ३०४ आणि ३१६ दर्जाचं, ज्यात रसायनं साठतात किंवा वाहतात. स्टेनलेस गंजत नाही कारण त्यातलं क्रोमियम पृष्ठभागावर अगदी पातळ, घट्ट असं कवच धरतं. हवेतल्या ऑक्सिजनने कापताना कडेवरचं क्रोमियम जळून जातं आणि खालचा थर क्रोमियमने गरीब राहतो. शिवाय क्रोमियमचा ऑक्साइड २,४०० अंशांच्या वर वितळतो, म्हणून तो रसात घट्ट गोळ्यांसारखा राहतो आणि खाली कठीण बर होतो. अशी कड नुसती काळी दिसते असं नाही, आम्लाच्या संपर्कात गंज तिथूनच सुरू होतो. रसायनाच्या टाकीसाठी कापायचं असेल तर नायट्रोजनच वापरावा. हवेने कापलंच तर कड घासून, आम्लाने पिकलिंग करून, पॅसिव्हेशनने ते कवच पुन्हा धरवूनच द्यावी. पैसे वाचवण्यासाठी हे टाळणं मला मान्य नाही. रसायनाच्या वसाहतीत एका कडेची गळती शेजारच्या वस्तीपर्यंत पोचू शकते.

ॲल्युमिनियमचा पत्रा हवेने बऱ्यापैकी निघतो, कड खरखरीत येते. टायटॅनियमला हवाही नको आणि नायट्रोजनही नको, तो दोन्हींशी जुळून ठिसूळ होतो. त्याला आर्गॉन लागतो. जाड पोलादी भागांवर पुढे महत्त्वाचं वेल्डिंग होणार असेल, तर हवेने कापलेली कड ग्राइंडरने उजळून घ्यावी, नाहीतर वेल्डमध्ये बुडबुडे राहण्याचा धोका असतो.

हवेची सुरक्षिततेची बाजू मात्र मनापासून सांगावीशी वाटते. नायट्रोजन बंद खोलीत गळला तर त्याला वास नसतो, रंग नसतो, गुदमरल्याची जाणीवही होत नाही. माणूस बसल्या जागी बेशुद्ध पडतो. ऑक्सिजनच्या पाइपला तेलाचा हात लागला तर पेट घ्यायला निमित्त पुरतं. हवा गळली तर नुसता सू-सू आवाज येतो. रात्रपाळीला एकट्या ऑपरेटरच्या भरवशावर चालणाऱ्या लहान शेडमध्ये हा फरक मोठा आहे. दाबाच्या टाकीची ठरलेली तपासणी आणि धूर ओढणारी यंत्रणा मात्र हवेलाही सुटलेली नाही. लोखंडाचा बारीक ऑक्साइड श्वासात जातोच.

पोलादपूरच्या नावातच पोलाद आहे. ते गाव कशेडी आणि आंबेनळी या दोन घाटांच्या पायथ्याशी उभं आहे आणि तिथली वाहनं, शेतीची अवजारं, घरांचे पत्रे, सगळ्यांना लोखंडाचं काम लागतं. तिथल्या माणसाने ब्रॅकेटच्या पन्नास नगांसाठी पनवेल किंवा पुण्याला का जावं? महाडात चांगली चाललेली एक लेसरची शेड, जिला टँकरची वाट पाहावी लागत नाही, ती या दोन तालुक्यांना पुरू शकते. तिला लागते ती वीज, आणि तिची नड खोटी नाही. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा जिल्ह्याच्या दक्षिण भागात कित्येक दिवस वीज नव्हती. लेसर तसाही विजेशिवाय चालत नाही, कंप्रेसरने ते अवलंबन आणखी २२ किलोवॉटने वाढतं एवढंच. कंप्रेसर, ड्रायर आणि त्यांचे पॅनल जमिनीवर न ठेवता पुराच्या खुणेच्या वर, पक्क्या ओट्यावर बसवावेत. महाडमध्ये २०२१ ची ती खूण कुठे आहे, हे कोणाला विचारायची गरज नाही.

राहिला प्रश्न त्या रोजच्या २३ लिटर पाण्याचा. टाकीच्या तळातून, ड्रायरमधून, फिल्टरच्या वाट्यांमधून निघणारं हे पाणी स्वच्छ नसतं. त्यात कंप्रेसरचं तेल मिसळलेलं असतं, म्हणून ते दुधी किंवा फिक्या चहासारखं दिसतं. बऱ्याच ठिकाणी व्हॉल्व्हला एक नळी जोडून ती शेडच्या मागच्या गटारात सोडलेली असते. महाडमधलं गटार शेवटी सावित्रीतच जातं. ही नदी रसायनांचं ओझं आधीच वाहते आहे आणि हे पाणी तर मुळात तिच्याच खोऱ्यावर पडलेल्या पावसाची वाफ आहे. तेल आणि पाणी वेगळं करणारं एक लहान यंत्र मिळतं. त्यात तेल धरणारे थर असतात, पाणी खालून निथळतं, तेल वेगळ्या डब्यात जमा होतं. कंप्रेसरच्या किमतीपुढे त्याची किंमत किरकोळ आहे. आवाज करत नाही, जागा एका पिंपाएवढी. जुलैत सकाळी शेड उघडल्यावर आधी टाकीचा हातव्हॉल्व्ह सोडावा, पाणी संपून नुसती हवा येईपर्यंत थांबावं, त्या पिंपाची पातळी पाहावी, टिश्यू पेपर उजेडाला धरावा आणि मगच पहिला पत्रा टेबलावर घ्यावा.